बारा बोअरसाठी पोलादी कपाट, आणि त्यात जागा न मिळालेली खेळण्यातली बंदूक

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेटरकडून गेल्या उन्हाळ्यात बंदुकीसाठी पोलादी कपाट करून घेतले. आता ते एक पूर्ण पावसाळा वापरून झाले असल्यामुळे त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल. कारागिराचे नाव मुद्दामच देत नाही, कारण अशा कपाटाच्या कर्त्याचे नाव छापले की त्याच्या कुलपाची आणि बोल्टांची रचनाही छापल्यासारखीच होते. वस्तू एकंदरीत चांगली आहे आणि किंमत रास्त आहे. दोन गोष्टी मात्र परत करून घ्याव्या लागल्या आणि एक गोष्ट अजूनही मनासारखी नाही. याच कपाटात भाच्याची एअरसॉफ्ट, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणारी खेळण्यातली बंदूकही ठेवावी असा आग्रह घरातून झाला होता. तो का मानला नाही, हेही येथे सांगायचे आहे, कारण ज्या घरात परवान्याचे शस्त्र आहे आणि वयात येणारी मुले आहेत, त्या घरात हा प्रश्न आज ना उद्या निघतोच.

आमची बंदूक वडिलांकडून आलेली, दोन नळ्यांची बारा बोअर. गावात तिला अजूनही शिकारीची बंदूक म्हणतात, पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेच्या शिकारीला कायद्यात जागा उरलेली नाही. पाटण तालुक्यात रानडुकरे भाताची आणि भुईमुगाची नासाडी करतात, गवे उसात शिरतात. तरी गवा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्यामुळे त्याच्यावर बंदूक रोखण्याचा प्रश्नच येत नाही, आणि रानडुकराच्या बाबतीतही वन विभागाच्या परवानगीवाचून बार काढता येत नाही. शिवाय आमचे गाव कोयना अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत आहे. त्यामुळे त्याच अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे शस्त्राची नोंदणी वन्यजीव रक्षकांकडे वेगळी करावी लागते, आणि या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय दिला जात नाही. शिराळ्याकडे चांदोलीच्या कडेला किंवा सागरेश्वरच्या परिसरात राहणाऱ्या सांगलीकरांनाही हेच लागू आहे, पण जुन्या परवानाधारकांपैकी अनेकांना ही नोंदणी ठाऊकच नसते. या सगळ्याचा परिणाम असा की बंदूक वर्षातले जवळजवळ सगळे दिवस कपाटातच असते. जी वस्तू वापरण्यापेक्षा सांभाळावीच अधिक लागते, तिच्या साठवणुकीवर बंदुकीच्या किमतीच्या मानाने जास्त खर्च झाला तरी तो अनाठायी नव्हे, असे माझे मत आहे.

परवान्याचा भाग थोडक्यात सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. आम्ही याच तरतुदीचा आधार घेतला, आणि बंदूक वारसाविना पडून राहण्याचा पेच टळला. आमच्या जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. अर्ज आता राष्ट्रीय शस्त्र परवाना संगणक प्रणालीतून जातो, प्रत्येक परवानाधारकाला एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो आणि पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल आल्यावरच पुढची पायरी येते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. अर्जासोबत प्रशिक्षणाचा दाखला आणि वैद्यकीय दाखला जोडतात, तसेच शस्त्राचा सुरक्षित वापर आणि साठवणूक करण्याचे हमीपत्रही द्यावे लागते. बहुतेक लोक या शेवटच्या कागदावर न वाचता सही करतात. वास्तविक त्या एका पानावर जे कबूल केलेले असते ते पाळायचे म्हटले, तर साड्या, दागिने आणि जमिनीचे उतारे ज्यात एकत्र असतात असे घरातले नेहमीचे लोखंडी कपाट पुरत नाही. त्याचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा असतो, फटीत पहार घातली की दार वाकते, आणि त्याची किल्ली दिवसातून अनेकदा अनेकांच्या हातात जाते.

आता कपाटाकडे वळतो. ते १५० सेंटिमीटर उंच, ४० रुंद आणि ३५ खोल आहे. तीस इंची नळीची बारा बोअर दस्त्यासह सुमारे १२० सेंटिमीटर भरते, त्यामुळे ती उभी राहून वर काडतुसांच्या पेटीला जागा उरते. पत्रा सगळीकडे तीन मिलिमीटरचा आहे. या जाडीच्या पोलादाचे एक चौरस मीटर साडेतेवीस किलोच्या आसपास भरते, म्हणून दार, चौकट आणि कुलपे धरून कपाटाचे वजन सत्तर किलोच्या घरात जाते. हे वजन ऐकून अनेकांना वाटते की एवढे जड कपाट कोण उचलून नेणार! पण दोन धडधाकट माणसे ते टेम्पोत सहज टाकतात, कारण आम्ही ते उतरवून घेतले तेव्हाही माणसे दोनच होती. तेव्हा चोरापासून राखण वजनाने होत नाही, ते कपाट जमिनीशी आणि भिंतीशी किती घट्ट जखडले आहे त्यावरच होते. दाराची बिजागरी आतल्या बाजूला आहे, आणि दार बंद झाल्यावर बिजागरीच्या बाजूने दोन स्थिर खुंट्या चौकटीच्या भोकांत जाऊन बसतात. त्यामुळे उद्या कोणी बिजागरी कापली तरी दार निघत नाही. साध्या फॅब्रिकेटरकडून इतका विचार अपेक्षित नव्हता. वेल्डिंग सलग आहे, टाक्याटाक्याने मारलेले नाही, आणि कडा घासून गुळगुळीत केलेल्या आहेत.

बसवण्याच्या कामात मात्र कारागिराचे ज्ञान शहरी घरापुरते निघाले. त्याने मागच्या पत्र्याला चार भोके पाडून दिली होती आणि सोबत साधे पसरणारे अँकर बोल्ट दिले होते. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ते उत्तम धरतात, पण आमच्या जुन्या घराच्या भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा सच्छिद्र असतो, आणि बोल्ट आवळताना त्याचा भुगा होऊन भोक मोठे होत जाते. हे निदर्शनास आणून दिल्यावर त्याने तळाला आणखी चार भोके पाडून दिली, पण त्यासाठी कपाट पुन्हा साताऱ्याला न्यावे लागले आणि जाण्यायेण्याचे भाडे आमच्याच माथी आले. शेवटी खोलीच्या कोपऱ्यात काँक्रीटचा जाड ओटा ओतून त्यात बोल्ट पक्के केले. मागचे बोल्ट आता केवळ आधाराला आहेत. पाटण, जावळी, महाबळेश्वर या भागांत जुन्या घरात राहणाऱ्याने ऑर्डर देतानाच भिंत कशाची आहे ते सांगावे, कारण कारागीर स्वतःहून विचारत नाही.

दुसरी परत करून घेतलेली गोष्ट अधिक गंभीर होती. मुख्य दार आणि वरची काडतुसांची पेटी, दोन्हींना एकाच किल्लीने उघडणारी कुलपे बसवून आली होती. कारागिराचे म्हणणे असे की ग्राहकाला एकच किल्ली सोयीची पडते. हे सोयीचे आहे यात शंका नाही, पण बंदूक आणि काडतुसे वेगळी ठेवण्याचा सगळा अर्थच त्यामुळे नाहीसा होतो, कारण एक किल्ली ज्याच्या हाती पडली त्याच्या हाती भरलेली बंदूक पडल्यासारखेच आहे. पेटीचे कुलूप बदलून घेतले. दोन्ही कुलपे लिव्हरची, दोन्ही बाजूंनी दाते असलेल्या किल्लीची आहेत. बोटाच्या ठशाने उघडणारे विजेरी कुलूप चार हजार रुपये जास्त घेऊन लावून देण्याची त्याची तयारी होती, पण मी नकार दिला. आषाढात आमच्याकडे दिवसदिवस वीज नसते, हवेतल्या ओलाव्याने बॅटरीचे टोक गंजते, आणि शेतातून आलेल्या चिखलाच्या हाताचा ठसा यंत्राला ओळखू येईलच असे नाही. किल्ली दोन आहेत. मुख्य दाराची माझ्याजवळ असते आणि पेटीची दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपाआड. परवान्यावर ज्याचे नाव नाही त्याच्या हाती यांपैकी एकही किल्ली जाऊ नये, हा नियम पत्नीलाही लागू केल्यामुळे घरात काही दिवस नाराजी होती, ती आता निवळली आहे.

दोन नळ्यांची बंदूक मोडून ठेवता येते ही तिची मोठी सोय आहे. नळ्या, नळ्यांखालचा लाकडी भाग आणि चापासह दस्ता असे तिचे तीन तुकडे होतात. मी तो पुढचा लाकडी भाग काडतुसांच्या पेटीत ठेवतो. त्यामुळे मुख्य दार कोणी उघडलेच, तरी हाती येणारी बंदूक लगेच वापरता येण्याजोगी नसते.

मनासारखी नसलेली गोष्ट म्हणजे आतले मखमलीसारखे अस्तर. दुकानात ते देखणे दिसते आणि नळीला ओरखडे पडू देत नाही, पण कोयनेच्या पावसात ते स्पंजसारखे ओलावा धरून ठेवते. श्रावण संपता संपता नळी जिथे अस्तराला टेकत होती तिथे तांबूस ठिपके दिसू लागले. तेलाने पुसून ते निघाले, परंतु आता टेकण्याच्या जागी लाकडी खाचा करून घेतल्या आहेत आणि तळाचे अस्तर खरवडून काढले आहे. कातडी खोळीचेही तसेच आहे. प्रवासात ती चांगली, पण महिनोन्‌महिने बंदूक तिच्यात घालून ठेवली की गंज ठरलेला. कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवल्या आहेत, त्या रंग बदलल्या की तव्यावर तापवून पुन्हा वापरता येतात, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला नळीच्या आतून तेलाचा बोळा फिरवतो. काडतुसांच्या बाबतीत जुनी कागदी वेष्टणाची असतील तर ती दमट हवेत फुगून नळीत बसत नाहीत. प्लॅस्टिकच्या वेष्टणाची, जशी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येतात तशी, अधिक टिकतात. संख्या परवान्यावर लिहिलेली असते तेवढीच, आणि खरेदीची पावती व वापराची नोंद पेटीतच ठेवलेली बरी, कारण नूतनीकरणाच्या वेळी विचारणा होते.

आता भाच्याच्या बंदुकीविषयी. तो पुण्यात शिकतो, वय सतरा. त्याने एका संकेतस्थळावरून विजेवर चालणारी एअरसॉफ्ट बंदूक मागवली. काळी, पूर्ण मापाची, सहा मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणारी ही वस्तू मूळ जपानमध्ये हौशी लोकांसाठी निघालेल्या प्रकारातली. खरेदी करताना त्याला कोणी परवाना विचारला नाही. सुट्टीत येताना ती घेऊन आला आणि कपाट पाहून म्हणाला, "मामा, एवढी जागा आहे, कोपऱ्यात माझीपण ठेवा की." त्याच्या आईलाही ते पटले, कारण बंदूक ती बंदूक, कुलपात असलेली बरी.

या दोन वस्तूंमधले अंतर आधी आकड्यांत पाहावे. ०.२० ग्रॅमची प्लॅस्टिकची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा एक ज्यूल होते. शस्त्र नियमांत हवेच्या बंदुकीसाठी, म्हणजे जत्रेत फुगे फोडायला असते त्या जातीच्या छऱ्याच्या बंदुकीसाठी, २० ज्यूल ऊर्जा आणि नळीचा आतला व्यास ०.१७७ इंच ही सीमा आहे, आणि त्यापलीकडच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. बारा बोअरच्या काडतुसातील ३२ ग्रॅम छरे सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघाले, तर हिशेब अडीच हजार ज्यूलच्या वर जातो. म्हणजे खेळणे आणि शस्त्र यांच्यात हजारोंच्या पटीचा फरक आहे. तरीही एक ज्यूल डोळा कायमचा निकामी करायला पुरेसा असतो, म्हणून डोळ्यांवर घट्ट बसणारा चष्मा घातल्याशिवाय हे खेळणे हातात घेऊ नये.

कायदा मात्र फक्त ऊर्जा पाहून थांबत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात नकली बंदुकीची व्याख्या अशी आहे की जी वस्तू बंदुकीसारखी दिसते ती नकली बंदूक, मग तिच्यातून गोळी सुटो वा न सुटो. कलम ६ प्रमाणे अशा वस्तूचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करायला परवाना लागतो, आणि कलम २८ प्रमाणे अटक टाळण्यासाठी तिचा वापर केला तर सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. भाचा असे काही करणार नाही हे उघड आहे, पण तीच काळी वस्तू पाठीवरच्या पिशवीतून डोकावत असताना तो स्वारगेटहून एसटीत बसला, तर शेजारच्या प्रवाशाला ज्यूलचा हिशेब कसा कळावा? अशा खेळण्यांपैकी अनेकांच्या नळीचे टोक नारिंगी असते, ते काळे रंगवून टाकण्याची मुलांना फार हौस असते. त्याने अजून रंगवलेले नव्हते, आणि ते तसेच ठेवायचे या अटीवरच ती बंदूक घरात राहिली.

कपाटात तिला जागा न देण्याचे पहिले कारण अगदी तांत्रिक आहे. तिच्यात लिथियम पॉलिमरची ११.१ व्होल्टची बॅटरी असते. अशी बॅटरी फुगली, तिला धक्का बसला किंवा ती चुकीच्या चार्जरवर ठेवली गेली तर पेट घेऊ शकते, आणि बंद पोलादी कपाटात, काडतुसांच्या पेटीपासून हातभर अंतरावर अशी वस्तू ठेवणे शुद्ध वेडेपणा आहे. गॅसवर चालणाऱ्या प्रकाराचीही तीच गत, कारण त्याच्या डब्यात बहुधा प्रोपेनच असतो. बॅटरी खेळण्यातून काढून, अर्धवट भारित अवस्थेत, मातीच्या कुंडीत किंवा आग न पकडणाऱ्या पिशवीत वेगळी ठेवावी. खेळून झाल्यावर गोळ्यांचा डबा काढला तरी एक गोळी नळीत राहिलेली असू शकते, म्हणून सुरक्षित दिशेला एकदा चाप ओढून मगच स्प्रिंग मोकळी करून ठेवावी.

दुसरे कारण सवयीचे आहे आणि ते मला अधिक वजनदार वाटते. बंदूक हाताळायला शिकताना पहिली गोष्ट सांगतात ती अशी की प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, नळी कोणाकडे रोखू नये आणि चापावर बोट शेवटच्या क्षणीच यावे. खेळण्याचा तर उद्देशच समोरच्या माणसावर नेम धरण्याचा. हे दोन्ही प्रकार एकाच कपाटातून, एकाच किल्लीने, एकाच हाताने बाहेर येऊ लागले, तर सतरा वर्षांच्या मुलाच्या हाताला फरक कळत राहील यावर मी विसंबणार नाही. त्याला खेळण्यासाठी कपाट उघडून द्यायचे म्हणजे किल्ली वारंवार बाहेर येणार, आणि परवान्याला लागणारी २१ वर्षे पूर्ण नसलेल्या मुलासमोर खरी बंदूक रोजच्या रोज उघडी पडणार. उलट, दोन्ही वस्तू वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या कुलपांत असल्या, की त्याच्या खेळावर मला फार बंधने घालावी लागत नाहीत. त्याच फॅब्रिकेटरकडून उरलेल्या पत्र्याची एक लांबट पेटी करून घेतली, साधे कुलूप लावले आणि किल्ली त्याच्या आईकडे दिली. पेटीवर मोठ्या अक्षरांत "खेळणे" असे लिहून घेतले आहे. कारागीर हसला, पण रात्री घरात शिरलेल्या चोराला किंवा दारात आलेल्या हवालदाराला ते वाचता येईल.

ज्यांना बंदूक घरात ठेवण्याची खरोखर गरज नाही, त्यांच्यासाठी कपाटापेक्षा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती जमा ठेवणे हा अधिक शहाणपणाचा पर्याय आहे. वार्षिक भाडे फारसे नसते, पावती मिळते आणि गंज, चोरी, मुले या तिन्हींची चिंता बरीच कमी होते. शहरात, सदनिकेत राहणाऱ्याने हाच विचार आधी करावा. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर ते देण्याआधी नळीला आतून बाहेरून भरपूर तेल लावावे आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक स्वतः तपासून घ्यावा. तिथल्या खोलीत अस्तर नसते, तसे सिलिका जेलही नसते.

कपाटाला वाहतुकीसह साडेसतरा हजार रुपये पडले. ओटा, खाचा आणि खेळण्याची पेटी यांचा खर्च वेगळा. परदेशी बनावटीची बंदुकीची तिजोरी याच मापात कितीतरी महाग पडते, आणि तीही शेवटी काँक्रीटमध्येच बसवावी लागते. ऑर्डर देणाऱ्याने तळाला भोके, दोन वेगळ्या किल्ल्यांची कुलपे आणि अस्तराऐवजी लाकडी खाचा आधीच लिहून द्याव्यात. रंग तो विचारेल तेव्हा कोणताही सांगितला तरी चालेल, त्याच्याकडे करड्याशिवाय दुसरा नसतो.